काळ्या गाडीवरची धूळ

२४ सप्टेंबर १९४२, गुरुवार

आज मोरूचा हात मोडणार होतो. थोडक्यात वाचला!

मोरू म्हणजे बंगल्याशेजारचा. भाताची शेती, तोंडात सदा तंबाखू आणि दुसऱ्याच्या कामात नाक. मी विहिरीवर गेलो तेवढ्यात हा छपराखाली शिरला, खांद्यावरचा पंचा काढला आणि गाडीच्या मडगार्डवर गोल गोल फिरवायला लागला. ‘‘धूळ बसली व्हती रं, म्हटलं पुसावी.’’ पंचा कसला तो — बांधावरचा चिखल वाळलेला त्यात! मी असा ओरडलो की पंचा तिथेच टाकून पळाला. मग गाडी ढकलून उन्हात काढली. रंगावर बारीक रेघा, लांबूनही डोळ्यांत भरणाऱ्या.

चंद्रा म्हणते, ‘‘येवढुश्या रेघेसाठी मानसावर धावून जाताव व्हय? मी भाजले तवा येवढं धावला नव्हता.’’ आता यावर काय बोलायचं! बायकोशी वाद घालून कुणी जिंकलंय?

गाडी शेठची. मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून उन्हाळ्यात त्यांनी सगळं बिऱ्हाड इथे खालापूरच्या बंगल्यात आणलं. बॉम्ब पडला नाही, बिऱ्हाड आगगाडीने परत गेलं. गाडी मात्र राहिली, कारण पेट्रोल मिळत नाही. आणि गाडीबरोबर राखणीला राहिलो मी, चंद्राला घेऊन. ड्रायव्हर येसाजी — गाडी उभी, ड्रायव्हर उभा.

२७ सप्टेंबर, रविवार

आज धूळ काढायचा झुबका केला. मनाजोगा झाला.

इथल्या विहिरीचं पाणी जड. सुकलं की पांढरे डाग राहतात, म्हणून गाडी धुणं पंधरवड्यातून एकदाच. पण धूळ थोडीच पंधरवडा थांबते! पाऊस ओसरला तशी पुण्याच्या रस्त्याने लष्कराच्या लॉऱ्यांची रांग सुरू झाली, आणि त्यांची धूळ थेट आमच्या छपराखाली. मुंबईत गाडी शिकवणारे आमचे उस्ताद सांगायचे, ‘‘धूल को उठाना है बेटा, घिसना नहीं.’’ ते सुताच्या झुबक्याला मेण लावून ठेवायचे. मेणाला धूळ चिकटते, रंगावर घासत नाही.

सूत आणायचं कुठून? चंद्रा देवासाठी वाती वळत बसली होती. मी म्हटलं, चांगली जुडगाभर दे. ‘‘देवाच्या वाती त्या. गाडीच्या न्हवं!’’ म्हटलं, गाडी काय सैतानाची आहे? मग फणफणत का होईना, लांब लांब वळून दिल्या. तिच्या बोटांतली वात कशी मऊ येते! मी रॉकेलमध्ये मेणबत्ती वितळवली — रॉकेलसुद्धा आता दुर्मिळ — झुबका त्यात बुडवून पिळला आणि डब्यात बंद करून ठेवला. आता चांगला मुरला की काढायचा.

३० सप्टेंबर, बुधवार

काही नाही. पाऊस. धूळ नाही. जीव रमत नाही.

जेवणाचा ओला डबा चंद्राच्या ट्रंकेवर ठेवला तर केवढी अंगावर आली! माहेराहून आणलेली हिरवी पत्र्याची ट्रंक, झाकणावर रंगवलेले दोन राघू. मला त्यावर बसूही देत नाही. ‘‘तुमची ती, माजी ही!’’

२ ऑक्टोबर, शुक्रवार

झुबका काढला. वा!

सकाळी दव असतं, तेव्हा हात लावायचा नाही. ओली धूळ म्हणजे चिखल. ऊन चढून पत्रा कोरडा झाला पाहिजे, पण तापलेलाही नको. तेवढी एक वेळ असते, तेव्हा बंगल्यात चिटपाखरू नसतं. झुबका नुसता टेकवायचा. दाबायचा नाही. टपावरून खाली, बॉनेटवर पुढून मागे, एकाच दिशेने. गोल फिरवला की संपलं. प्रत्येक फेरीला लांब जाऊन झटकायचा. पक्ष्याची घाण असेल तर ओल्या फडक्याची घडी वर ठेवून द्यायची, भिजू द्यायची, आपोआप सुटते. घाई केली की रंग गेलाच.

चंद्रा दारातून बघत होती. म्हणाली, ‘‘लेकराला न्हाऊ घातल्यावानी करता.’’ म्हटलं, ये, तू करून बघ. आली. पहिल्यांदा जोर लावला. मी मनगट धरलं, म्हटलं, हलकं गं, मोराचं पीस समज. मग जमलं तिला. माझ्यापेक्षाही हलका हात! धुळीखालून काळा रंग वर आला आणि त्यात आंब्याचं झाड, वर आभाळ, आणि आम्ही दोघं उलटे. बराच वेळ दोघंही त्यात बघत उभे होतो.

५ ऑक्टोबर, सोमवार

धूळ काढताना मी इथे नसतो. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

हात बॉनेटवर फिरतो आणि रस्ता सुरू होतो. शिळफाटा मागे पडतो, घाट चढतो, खाली खोपोली धुक्यात. पुणं. मग मी न पाहिलेले रस्ते. उस्ताद समुद्रापलीकडच्या बसऱ्याच्या गोष्टी सांगायचे, मागच्या लढाईत ते तिथे होते. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळूच वाळू आणि खजुराची झाडं. ती वाळू मला इथे दिसते. मडगार्डवरचा ढग वाकून जातो तो मला तिथलाच वाटतो. झुबका झटकायला वळलो की पुन्हा खालापूर, मोरूची म्हैस आणि भात निसवून लोंब्या आल्याचा वास.

मी अठ्ठाविसाचा. गाडी चालवायला शिकलो ते काय छपराखाली उभं राहायला?

८ ऑक्टोबर, गुरुवार

शेठ आले होते! कर्जतपर्यंत आगगाडी, पुढे टांगा. अंगभर धूळ घेऊन उतरले, आणि गाडी पाहून तिथेच थबकले. ‘‘येसाजी, अरे ही तर दुकानातून आणली तेव्हापेक्षा देखणी दिसतेय!’’ बॉनेटमध्ये वाकून मिशा बघितल्या.

मग खरी गोष्ट सांगितली. दसऱ्यानंतर लष्कराचा साहेब या बाजूच्या गाड्या बघायला येणार. मोठ्या अधिकाऱ्यांसाठी चांगल्या राखलेल्या गाड्या हव्यात. पसंत पडली की घेऊन जाणार, नाही म्हणायची सोय नाही. आणि ज्या ड्रायव्हरने राखली त्यालाही भरती करून त्याच गाडीवर पाठवणार. शेठचा चेहरा उतरला होता. म्हणाले, ‘‘तुझी मर्जी नसेल तर आत्ताच सांग, तुला गावी पाठवून देतो.’’

मर्जी नसेल तर! मी म्हटलं, साहेब कधी येणार?

चंद्रा चहा घेऊन आली होती. कप ठेवून गेली, बशी ठेवायची विसरली.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

चंद्रा सरळ म्हणाली, ‘‘जाऊ नका.’’

तिचा भाऊ आबाजी. लष्करात लॉरीवर होता. सिंगापूर पडलं तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. जिवंत की काय, कुणी सांगत नाही. सासूबाई कर्जतला भिसेगावात एकट्या. स्टेशनवर गाडी आल्याची शिट्टी झाली की अजून चुलीवर मूठभर जास्तीचा भात ठेवतात. हे सगळं मला माहीत आहे. मी काय दगड आहे?

पण आबाजी पडला लॉरीवाला. मी मोठ्या साहेबाची गाडी चालवणार. तोफेपुढे थोडाच जाणार! समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘आबादादा बी आसंच म्हनला व्हता.’’

मग मला राग आला. म्हटलं, मी जाणारच. उठून गाडीकडे गेलो. धूळ नव्हती, तरी झुबका फिरवला.

११ ऑक्टोबर, रविवार

काल घट बसले. रुसवा गेला असं दिसतं.

दुपारी मी गाडीत चाकापुढे बसलो होतो. नुसताच, हात चाकावर. मागचं दार उघडलं आणि चंद्रा आत बसली, पाय वर घेऊन, पदर सावरून, अगदी शेठाणीसारखी. ‘‘कुठवर आलाव?’’

म्हटलं, बसरा.

‘‘तिकडं माजं कोन हाय? मला भिसेगावला न्या. आईकडं.’’

म्हटलं, हात्तिच्या! भिसेगावला काय, बैलगाडीनेही जाता येतं. पण वळवली. चौक गावाकडे न जाता आतला रस्ता धरला. ती मागून सांगत होती — इथे वड, इथे ओढा, सावकाश, इथे म्हशी आडव्या येतात. डोळे मिटून सांगत होती. शेवटी म्हणाली, ‘‘थांबवा. आलं दार.’’ आणि उतरलीच नाही. पुढच्या आरशातून पाहिलं तर रडत होती. मी हॉर्न वाजवला, तेव्हा हसली.

१४ ऑक्टोबर, बुधवार

मोरू सांगत आला — शिळफाट्याला गाड्यांचीच चर्चा. कुंभिवलीच्या एका बागाइतदाराची गाडीही साहेब बघणार. तिचा ड्रायव्हर नामा, मला चांगला ठाऊक. गाडी बरी, पण नामा तिच्यावर ओलं गोणपाट मारतो! म्हटलं, माझ्या गाडीपुढे तिचा काय पाड! मोरू म्हणाला, ‘‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आधी सायेब तर येऊ दे!’’ त्याच्या हाती पंचा होता, पण गाडीपासून चांगला लांब धरला होता. शिकला!

त्या दिवशीच्या रेघा मेण आणि मऊ फडक्याने जवळजवळ बुजवल्या. मलाही आता शोधाव्या लागतात.

१७ ऑक्टोबर, शनिवार

गाडी अशी झाली आहे की संध्याकाळी तिच्याकडे बघवत नाही. इर्शाळगडाच्या बाजूचं आभाळ पेटतं ते सगळं तिच्या अंगावर उतरतं. मोरूची म्हैस आज स्वतःला तिच्यात बघून बुजली.

चंद्रा म्हणाली, ‘‘लई देखनी केलीत.’’ आणि आत गेली.

परवा दसरा. मला पहाटेच भिसेगावला जाऊन सासूबाईंना आणायचं आहे.

१९ ऑक्टोबर, सोमवार. दसरा

लिहवत नाही. तरी लिहितो.

सासूबाईंना बैलगाडीत घालून, झेंडूच्या माळा घेऊन आलो. लांबूनच छपराखाली ओलं दिसलं. चंद्रा गाडीपुढे उभी, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. बाजूला राखेचं घमेलं, चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी. बॉनेट, दोन्ही मडगार्ड, दारं — सगळं घासलेलं!

‘‘दसऱ्याला भांडी घासली, कोयता-इळा उजळला. म्हटलं तुमचं हत्यार बी उजळावं. कशी लखलखते, बघा की!’’

ओलं होतं तोवर लखलखत होतं. मग ऊन आलं. सुकत गेलं तसं वर येत गेलं — गोल गोल ओरखडे, एकावर एक, जणू सगळ्या गाडीवर कोळ्याने जाळं विणलंय. बॉनेटमध्ये आंब्याचं झाड नाही. आभाळ नाही. मी नाही. नुसता राखाडी पत्रा.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. अडाणी म्हटलं. आणखी वाईट म्हटलं. ती खाली बघून ऐकत राहिली. सासूबाई मध्ये पडल्या, ‘‘जावई, डोक्यात राख घालून घिऊ नका. पोरीला काय ठावं? तिनं मायेनं केलं.’’ मोरू कुंपणापाशी हसत होता, माझं तोंड पाहून तोही हसायचा थांबला.

माळ गाडीला घातली नाही. सोनं लुटायला गेलो नाही.

२० ऑक्टोबर, मंगळवार

बोलत नाही तिच्याशी.

२१ ऑक्टोबर, बुधवार

मेण लावून पाहिलं. फडका फिरवून खांदे गेले. रेघ एक असती तर बुजली असती. हे बुजणार नाही, पुन्हा रंगवावीच लागेल.

चंद्राने भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला होता. न बोलता खाल्ला.

२४ ऑक्टोबर, शनिवार

सासूबाई परत गेल्या. निघताना म्हणाल्या, ‘‘माजा एक गेला, जावई. दुसऱ्याला मी नाय म्हनत न्हाय, तुमी गडीमानूस, तुमचं तुमी बघा. पन माज्या पोरीशी बोला.’’ मी हं म्हटलं. तरी बोललो नाही.

रस्त्यावर लॉऱ्या. धूळ येऊन बसते. आता काढायची कशाला? तरी सवयीने झुबका घेतो, टेकवतो, ओढतो, झटकतो. रस्ता काही सुरू होत नाही.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

साहेब आला.

उंच, उन्हाने लाल झालेला, हिंदी तोडकंमोडकं. बरोबर एक हवालदार. मी इंजिन दाखवलं — घड्याळासारखं! शेठने साठवलेल्या पेट्रोलचा शेवटचा घोट टाकून चालू करून दाखवलं. आवाज ऐकून साहेबाने मान डोलावली. मनात म्हटलं, झालं काम! मग तो पुढे आला आणि बॉनेटवरून अंगठा फिरवला. उन्हाकडे तिरकं वाकून पाहिलं. सगळीकडून पाहिलं. हवालदाराशी इंग्रजीत बोलला.

हवालदार मराठी. मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘साहेब म्हणतात, इंजिन चांगलं आहे. पण रंग जो सांभाळत नाही त्याच्या हाती जनरलसाहेबाची गाडी कशी द्यायची?’’

रंग सांभाळत नाही! मी! ज्याने वातीच्या झुबक्याने, श्वास रोखून —

सांगावंसं वाटलं की मी नाही, बायकोने केलं. जिभेवर आलं होतं. चंद्रा दारात उभी होती, दोन्ही हातांनी चौकट धरून. गिळलं. म्हटलं, जी साहेब, माझ्या हातून झालं.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

कुंभिवलीची गाडी घेतली. नामाही गेला. गोणपाटवाला नामा! त्याच्या आईने गाडीवरून लिंबू उतरवलं म्हणे. आमच्यासमोरून गेला, गळ्यात हार, हॉर्न वाजवून मला हात केला. मीही केला. लोकांनी बघितलं असेल, माझे डोळे भरले होते. धुळीने म्हणावं!

नामाच्या गाडीने उडवलेली धूळ आमच्या गाडीवर येऊन बसली. आज काढली नाही.

१ नोव्हेंबर, रविवार

आज चंद्राशी बोललो. भाताची कापणी लागली आहे, मोरूने हाक मारली म्हणून दोघंही त्याच्या शेतावर गेलो होतो. बांधावर बसून भाकरी खाताना म्हटलं, ‘‘चंद्रे, तुला ठाऊक नव्हतं. मी उगाच बोललो त्या दिवशी.’’

 तिने कांदा फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाली, ‘‘सायबाला तुमी म्हनलाव, माज्या हातून झालं. मी आयकलं.’’

म्हटलं, मग काय, बायकोला पुढे करू?

उरलेली भाकरी तिने माझ्यापुढे सरकवली. भूक नाही म्हणाली. संध्याकाळी घरी येताना माझ्या मागून चालत होती, नेहमीपेक्षा लांबून.

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज खूप दिवसांनी गाडीत बसलो. चाकावर हात ठेवला. बसऱ्याला जायचं मनात नव्हतंच. आपोआप आतल्या रस्त्याला वळलो — वड, ओढा, म्हशी. भिसेगाव. दार उघडं होतं, चुलीवर भात. बरं वाटलं. म्हणजे अजून चालतं तर!

शेठ म्हणतात, लढाई संपली की गाडी नवीन रंगवू. तोवर तिला सांभाळायचं. उद्यापासून रोज धूळ काढणार. ओरखड्यांवर आणखी ओरखडे नकोत.

४ नोव्हेंबर, बुधवार

झुबका जागेवर नव्हता. शोधत घरात गेलो.

दिवाळीची झाडलोट चालली होती. तांब्यापितळेची सगळी भांडी राखेने आणि चिंचेने घासून अंगणात उन्हात ठेवलेली. चंद्रा आत जमिनीवर बसली होती, माझ्याकडे पाठ करून, पुढ्यात ती हिरवी ट्रंक. हातात माझा झुबका. नुसता टेकवत होती. राघूंवरून, एकाच दिशेने, हलका. मग दारापाशी येऊन लांब झटकला, मला बघितलं, ओळखीचं हसली, परत जाऊन बसली. ट्रंकेवर एक रेघ नाही. इतकी वर्षं झाली, एक नाही.

मी सहज विचारलं, ‘‘ही नाही का घासत राखेनं?’’

‘‘छे! रंगाची हाय न्हवं ती. राखेनं रंग जातो.’’

आणि तिचा हात थांबला.